हाताला बसणारं पिस्तूल: निवड आणि नेमबाजीचे पहिले धडे

पिस्तूल शिकायला आलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट आधी विचारतो: "कोणतं घेऊ?" मग ग्लॉक, बेरेटा, सीझेड, सिग, वॉल्थर अशी नावं पुढे येतात आणि बोलणं कंपन्यांवर घसरतं. ही सगळी पिस्तुलं चांगलीच आहेत. पण एकाच्या हातात सुरेख चालणारं पिस्तूल दुसऱ्याच्या हातात सतत डावीकडे मारतं, आणि त्यात पिस्तुलाचा काही दोष नसतो. तळहात केवढा, बोटं किती लांब, पंजात ताकद किती, हातभर अंतरावरचं स्पष्ट दिसतं का, यावर निवड ठरते. म्हणून आधी सुरक्षितता, मग हाताचं माप, मग काडतूस आणि मग प्रत्यक्ष शिकणं, या क्रमानं जाऊ. खरेदी सगळ्यात शेवटी.

कायदा आणि शिक्षक

शस्त्रांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कुठे परवान्याशिवाय पिस्तूल हातातही घेता येत नाही, कुठे फक्त क्लबच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या राखीव जागेवर, वापरता येतं. काडतुसं किती बाळगायची, घरी कशी ठेवायची, प्रवासात कशी न्यायची, यालाही नियम असतात. ते मूळ कागदावर वाचा. ओळखीच्या माणसानं "चालतं हो" म्हटलं म्हणून काहीही करू नका.

शिक्षक मात्र सगळीकडे लागतोच. व्हिडिओ बघून पकड कळते, पण आपलं बोट ट्रिगरवर नेमकं काय करतंय हे बाजूला उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं. पहिले धडे रेंजच्या किंवा शिक्षकाच्या पिस्तुलावर घ्या. तिथे वेगवेगळी पिस्तुलं हाताळायला मिळतात आणि तुमच्या निवडीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

चार नियम, पाठ नव्हे तर सवय

अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजून वागा. ज्याला इजा होऊ द्यायची नाही अशा कशावरही नळीचं तोंड क्षणभरही फिरू देऊ नका. साईट्स, म्हणजे नेम धरायच्या नळीवरच्या पुढच्या-मागच्या खुणा, टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरवर नको. ते फ्रेमच्या, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्याच्या, बाजूनं सरळ ठेवा. आणि टार्गेट नेमकं काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय गोळी सोडू नका.

हे चार नियम एकमेकांना सांभाळून घेतात. अनवधानानं एक मोडला तरी बाकीचे पाळलेले असतील तर बहुधा कुणाला इजा होत नाही. अपघात होतात ते दोन नियम एकाच वेळी मोडल्यावर. त्यातही बोट आणि नळीचं तोंड, या दोन गोष्टींवर पहिले काही आठवडे मन सतत हवं. पिस्तुलाची नळी आखूड असते. मनगट थोडं वळलं की तिचं तोंड शेजारच्या माणसाकडे जातं, आणि हे सगळ्यात जास्त घडतं ते कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यावर. तेव्हा कुणी हाक मारली तर पिस्तूल टार्गेटकडेच ठेवून फक्त मान वळवा.

शस्त्र रिकामं करण्याचा क्रमही ठरलेला आहे आणि तो बदलायचा नाही. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक शॉटनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) बाहेर काढायचं, मग स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमधलं (नळीच्या मागच्या घरातलं) काडतूस बाहेर टाकायचं, स्लाइड मागे अडकवायची, आणि चेंबर डोळ्यांनी बघून करंगळीनं चाचपायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर काय होतं? पहिलं काडतूस बाहेर पडतं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. मग मॅगझिन काढून "रिकामं झालं" असं वाटणारं पिस्तूल प्रत्यक्षात भरलेलं असतं. काही पिस्तुलं मॅगझिन नसताना चालत नाहीत, पुष्कळशी चालतात. त्या सोयीवर कधीच विसंबू नका. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला फिरता भाग, बाहेर काढून सगळी घरं रिकामी आहेत ना, एवढं बघितलं की झालं.

दुसऱ्यानं तुमच्या समोर तपासून दिलेलं पिस्तूलही हातात आल्यावर स्वतः पुन्हा तपासायचं. यात कुणाचा अपमान नाही. अनुभवी नेमबाज हेच करतात आणि समोरच्याकडून तीच अपेक्षा ठेवतात.

हाताचं माप

आता मुख्य गोष्ट. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, ते नेहमीच्या हातात धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर बसवा. वरून बघितल्यावर नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका सरळ रेषेत दिसला पाहिजे. आता पकड जराही न हलवता तर्जनी ट्रिगरवर न्या. बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल मधला भाग ट्रिगरवर आला, तर पिस्तूल तुमच्या मापाचं आहे.

बोटाचं फक्त टोक पोहोचत असेल, किंवा पोहोचण्यासाठी पिस्तूल मुठीत फिरवावं लागत असेल, तर मूठ मोठी आहे. अशा वेळी नळी हाताच्या रेषेत राहत नाही, झटका अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि दर वेळी पकड निसटते. बोट पहिल्या सांध्याच्या पलीकडे जात असेल, तर मूठ लहान आहे आणि ट्रिगर दाबताना पिस्तूल बाजूला ओढलं जाण्याची शक्यता वाढते. लहान हातांच्या माणसांना, त्यात पुष्कळ स्त्रिया येतात, "सवय होईल" असं सांगून मोठ्या मुठीचं पिस्तूल दिलं जातं. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. सवय होते ती चुकीच्या पकडीची. आज बऱ्याच पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागच्या बाजूच्या बदलता येणाऱ्या पट्ट्या मिळतात. सिग पी३२० सारख्या पिस्तुलात अख्खा ग्रिपच बदलता येतो. रिव्हॉल्व्हरचे ग्रिप तर पूर्वीपासूनच बदलता येतात.

त्याच पकडीत आणखी तीन गोष्टी बघा. मॅगझिन सोडायचं बटण अंगठ्याला सापडतं का? सेफ्टी, म्हणजे ट्रिगर अडवणारी कळ, असेल तर ती पकड न सोडता खालीवर होते का? आणि स्लाइड ओढता येते का? स्लाइड ओढता आली नाही म्हणून लगेच निराश होऊ नका, कारण त्यात ताकदीपेक्षा पद्धत जास्त आहे. पिस्तूल छातीजवळ आणा, दुसऱ्या हाताच्या चारही बोटांनी आणि तळव्यानं स्लाइडचा मागचा भाग वरून घट्ट धरा, आणि स्लाइड ओढण्याऐवजी मुठीचा हात जोरात पुढे ढकला. तोंड मात्र समोरच राहिलं पाहिजे, कारण जोर लावताना ते बाजूला वळण्याकडे कल असतो. एवढं करूनही जमत नसेल, संधिवात असेल, बोटांत जोर नसेल, तर हलक्या स्प्रिंगची पिस्तुलं खास मिळतात.

डावखुऱ्यांनी बटणं दोन्ही बाजूंनी वापरता येतात का, हे विचारून घ्यावं. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर डावीकडे उघडतो, म्हणून भरताना त्यांना वेगळी पद्धत शिकावी लागते. अडचण एवढीच.

लहान म्हणजे सोपं, हा गैरसमज

नवशिक्याला खिशात मावेल असं छोटं, हलकं पिस्तूल बघून हायसं वाटतं. प्रत्यक्षात शिकण्यासाठी तेच सर्वांत अवघड. कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे: गोळी पुढे जाते तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो, आणि शस्त्र जितकं हलकं तितक्या वेगानं ते मागे येतं. चारशे ग्रॅमच्या आसपास वजन असलेला खिशातला रिव्हॉल्व्हर आणि किलोभर वजनाचा पोलादी रिव्हॉल्व्हर यांत तेच काडतूस घातलं, तर पहिला तळहातावर फटका मारतो आणि दुसरा ढकलल्यासारखा वाटतो.

दुसरं कारण साईट्समधलं अंतर. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात पुढची आणि मागची साईट यांत साधारण १६५ मिलिमीटर अंतर असतं. नेम धरताना पुढची साईट एक मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी सुमारे सहा सेंटीमीटर बाजूला लागते. साईट्समधलं अंतर १०० मिलिमीटर असेल, तर तीच चूक दहा सेंटीमीटरची होते. म्हणजे लहान पिस्तूल तुमची प्रत्येक चूक मोठी करून दाखवतं आणि वर झटकाही जास्त देतं. शिकण्यासाठी पूर्ण किंवा मध्यम आकाराचं, थोडं वजनदार पिस्तूल घ्या.

रिव्हॉल्व्हर की सेमी-ऑटोमॅटिक

रिव्हॉल्व्हरची रचना समजायला सोपी आहे. भरलंय की नाही हे पटकन दिसतं, स्लाइड ओढावी लागत नाही, आणि काडतूस पेटलं नाही तर ट्रिगर पुन्हा दाबल्यावर पुढचं घर समोर येतं. पण डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा हॅमर ट्रिगरनंच मागे नेताना, बोटाला चार-पाच किलोचा दाब द्यावा लागतो आणि तोही लांब प्रवासात. तोच रिव्हॉल्व्हर हॅमर अंगठ्यानं मागे घेऊन सिंगल ॲक्शनमध्ये चालवला, तर दाब त्याच्या निम्म्याहूनही कमी होतो. डबल ॲक्शनवर शिकलेल्याचं बोट पुढे कुठल्याही ट्रिगरवर चालतं, हे खरं. पण अशक्त बोटांच्या माणसाला त्या वाटेनं नेणं चुकीचं आहे.

सेमी-ऑटोमॅटिकचा ट्रिगर साधारण अडीच किलोच्या आसपास असतो, झटक्याचा काही भाग स्लाइड आणि स्प्रिंग घेतात, आणि भरणं सोपं जातं. बदल्यात शिकायच्या गोष्टी वाढतात. मनगट ढिलं असेल तर स्लाइडला पूर्ण मागे जायला आधार मिळत नाही आणि काडतूस अडकतं. माझं मत विचाराल तर बहुतेक नवशिक्यांनी .२२ च्या, म्हणजे लहान काडतुसाच्या, सेमी-ऑटोमॅटिकवर सुरुवात करावी. रूगर मार्क ४ आणि ब्राउनिंग बक मार्क ही दोन पिस्तुलं याच कामासाठी नावाजलेली आहेत: लांब नळी, सरकवता येणाऱ्या साईट्स, स्वच्छ ट्रिगर.

काडतूस

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे, आणि शिकण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. झटका इतका कमी की मेंदूला घाबरायला कारणच मिळत नाही. हा मुद्दा आवडीनिवडीचा नाही. मोठ्या काडतुसानं सुरुवात करणारा माणूस पहिल्याच दिवशी आवाज आणि झटक्याची धास्ती घेतो, ट्रिगर दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतो, मनगट खाली झुकवतो. ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. .२२ वर ती सहसा लागत नाही.

पण .२२ ला खेळणं समजू नका. तिची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते आणि जीव घेऊ शकते. चारही नियम तिलाही तंतोतंत लागू आहेत.

९ मिलिमीटर पॅराबेलम हे १९०२ पासूनचं काडतूस आज जगात पिस्तुलांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काडतुसांपैकी आहे. गोळी साडेसात-आठ ग्रॅमची असते, झटका पूर्ण आकाराच्या पिस्तुलात सहज सोसतो. .२२ नंतरची स्वाभाविक पायरी हीच. .४५ ची गोळी जवळजवळ १५ ग्रॅमची असते. तिकडे वळायची घाई नको. रिव्हॉल्व्हर घ्यायचा असेल तर .३५७ मॅग्नमचा घेऊन त्यात .३८ स्पेशल चालवणं हा उत्तम मार्ग, कारण तो दोन्ही काडतुसं घेतो. उलट मात्र चालत नाही. मॅग्नमचं काडतूस लांब असतं आणि त्याचा दाब .३८ च्या रिव्हॉल्व्हरला झेपणारा नसतो.

नळीवर किंवा स्लाइडवर जे नाव कोरलेलं असतं, तेच काडतूस वापरायचं. "९ मिलिमीटर" एवढं वाचून थांबू नका. ९ मिलिमीटर पॅराबेलम आणि ९ मिलिमीटर मकारोव्ह ही वेगळी काडतुसं आहेत आणि एक दुसऱ्याच्या पिस्तुलात घालायचं नाही.

एअर पिस्तूल: कमी लेखू नका

ज्यांना अग्निशस्त्राचा परवाना मिळत नाही किंवा नको आहे, त्यांनी १० मीटर एअर पिस्तुलाकडे वळावं. हा ऑलिम्पिक खेळ आहे आणि माझ्या मते ट्रिगर शिकण्याची सर्वांत कसदार शाळाही. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल एकाच हातात धरायचं, वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका नको, साईट्स साध्या, भिंग किंवा डॉट नाही. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट्स.

हाताचं माप इथे पराकोटीला पोहोचतं. मोरिनी, स्टेयर, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांच्या पिस्तुलांना लाकडी ग्रिप असतात, ते लहान-मध्यम-मोठ्या मापांत मिळतात आणि नेमबाज ते कानशीनं घासून किंवा पुट्टी भरून आपल्या तळव्याला तंतोतंत जुळवून घेतात. तळहाताखाली आधाराची पट्टी असते, ती वरखाली करता येते. ग्रिप बरोबर बसला आहे का, हे ओळखायची खूण अशी: डोळे मिटून हात वर उचला, डोळे उघडा. साईट्स आपोआप एका रेषेत आल्या असतील तर ग्रिप तुमचा आहे. मागची साईट रोज वेगळ्या बाजूला कललेली दिसत असेल, तर हात ग्रिपमध्ये दर वेळी वेगळा बसतोय.

डोळे आणि साईट्स

दोन डोळ्यांपैकी एक वरचढ असतो. हात लांब करून दोन्ही तळव्यांचा छोटा त्रिकोण करा, दूरची एखादी वस्तू त्यात धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. ज्या डोळ्यानं वस्तू त्रिकोणातच राहते तो वरचढ. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा असला तरी पिस्तुलात फार बिघडत नाही. पिस्तूल थोडं डाव्या डोळ्यासमोर आणायचं, एवढंच.

नेम धरताना मागच्या खाचेत पुढची साईट मधोमध हवी, दोन्हींच्या माथ्याची उंची सारखी हवी, आणि दोन्ही बाजूंना सारखाच उजेड दिसायला हवा. आता सगळ्यांना पचायला जड जाणारी गोष्ट: नजर टार्गेटवर ठेवायची नाही. नजर पुढच्या साईटवर हवी, इतकी की तिची कड धारदार दिसावी. टार्गेट धूसर दिसलं तरी हरकत नाही. धूसर टार्गेटच्या मध्यावर धरलेली नीट साईट चांगला शॉट देते. स्पष्ट टार्गेटवर धरलेली वाकडी साईट देत नाही.

चाळिशीनंतर हातभर अंतरावरची साईट दिसणं कठीण होतं. त्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्या, किंवा नियम आणि खेळाचा प्रकार परवानगी देत असेल तर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट, बसवा. डॉट आणि टार्गेट एकाच वेळी स्पष्ट दिसतात. फक्त त्यात हाताची थरथर ठळक दिसते आणि नवशिका ती थांबवायला धडपडतो. थरथर थांबत नसते. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांचाही हात हलतो, कमी हलतो इतकंच.

पकड आणि उभं राहणं

दोन्ही हातांनी धरताना मुख्य हात उंच. दुसऱ्या हाताचा तळवा मुठीवर जी रिकामी जागा उरते ती भरून काढतो आणि त्याची बोटं मुख्य हाताच्या बोटांवर, ट्रिगर गार्डला खालून चिकटून येतात. उजव्या हाताच्या माणसाचे दोन्ही अंगठे डावीकडे, पुढच्या दिशेला. अंगठा स्लाइडच्या मागे कधीही येऊ देऊ नका, मागे येणारी स्लाइड तो फाडते. रिव्हॉल्व्हरमध्ये अंगठे आत वळवून ठेवा आणि कोणतंही बोट सिलिंडर व नळी यांच्या फटीजवळ नेऊ नका. तिथून प्रत्येक शॉटला तप्त वायू बाहेर पडतो.

जोर बाहेरून धरणाऱ्या दुसऱ्या हाताचा जास्त असावा. मुख्य हात फार आवळला की तर्जनीही आखडते. पाय खांद्याइतके फाकवा, गुडघे सैल, शरीराचा भार किंचित पुढे. छाती टार्गेटसमोर ठेवून दोन्ही हात सारखे लांब करणं नवशिक्याला सोपं जातं. कॅलिफोर्नियातल्या पोलीस अधिकारी जॅक वीव्हर यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत शरीर थोडं तिरकं असतं आणि एक हात ढकलतो, दुसरा ओढतो. दोन्ही करून बघा आणि जी आरामात जमते ती ठेवा. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

ट्रिगर

नेमबाजीतलं जवळजवळ सगळं यश या एका बोटात आहे. साईट्स थोड्या हलत असतानाही ट्रिगर नीट दाबला तर गोळी थोडीच बाजूला जाते. साईट्स स्थिर असताना ट्रिगर झटकला तर गोळी कुठेही जाते. म्हणजे "आता! आता साईट बरोबर आहे" असं वाटून झटकन दाबणं हाच शत्रू.

आधी ट्रिगरची ढिलाई संपेपर्यंत बोट मागे घ्या. तिथून सरळ मागे, एकसारखा दाब वाढवत जा. शॉट कधी सुटेल याचा नेमका क्षण ठरवू नका. सुटल्यावर बोट लगेच उचलू नका. साईट्स वर जाऊन परत खाली येईपर्यंत नजर पुढच्या साईटवरच ठेवा. आणि टार्गेटकडे बघण्याआधी स्वतःला सांगा की शॉट कुठे गेला असेल. शॉट सुटतानाच्या क्षणी साईट कुठे होती ते दिसलं असेल, तर हे सांगता येतं. सांगता येत नसेल, तर त्या क्षणी डोळे मिटले होते.

धास्ती शोधून काढायची एक जुनी युक्ती आहे. शिक्षक तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये मधे-मधे नकली काडतुसं भरतो. नकली काडतूस आलं की आवाज होत नाही, झटका येत नाही, आणि पिस्तुलाचं नाक आपोआप खाली डुबकी मारताना सगळ्यांना दिसतं. उजव्या हाताच्या नवशिक्यांचे शॉट्स खाली-डावीकडे जातात ते बहुधा याचमुळे. साईट्स फिरवून ही चूक झाकू नका.

यावरचा खरा उपाय म्हणजे ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव. पिस्तूल तपासून रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, गोळी अडेल अशा भक्कम भिंतीसमोर उभे राहा आणि ट्रिगर दाबा. शॉट "सुटताना" पुढची साईट जागची हलता कामा नये. तिच्या माथ्यावर छोटं नाणं ठेवून बघा. ते पडलं नाही तर बोट बरोबर चाललंय. .२२ मध्ये मात्र पुस्तिका वाचल्याशिवाय रिकामा ट्रिगर दाबू नका. बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी खीळ, चेंबरच्या काठावर आपटून नुकसान होतं. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात. रोज दहा मिनिटं पुरतात. सराव संपला की मोठ्यानं "संपलं" म्हणा आणि पिस्तूल कुलपात टाका. "आणखी एकदाच" म्हणून परत हातात घेणं धोक्याचं आहे: तोवर काडतुसं परत भरलेली असू शकतात आणि मन अजून सरावातच असतं.

रेंजवर

कानांत बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही घाला. पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या घरात जातो, आणि १४० च्या वर एकच आवाजही कान कायमचा अधू करू शकतो. डोळ्यांना सुरक्षा चष्मा. बंद गळ्याचा शर्ट आणि पुढे झडप असलेली टोपी घाला, कारण उडालेलं तापलेलं पुंगळं, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, गळ्यातून आत गेलं की माणूस हातातलं पिस्तूल विसरून नाचतो. तसं झालंच तर चटका सोसा, तोंड टार्गेटकडेच ठेवा, पिस्तूल खाली ठेवा, मग पुंगळं काढा.

सुरुवात पाच मीटरवरून. मॅगझिनमध्ये आधी एकच काडतूस भरा, मग दोन, मग पाच. टार्गेटच्या मध्यावर लागतंय का हे पहिल्या दिवसांत बघू नका. गोळ्या एकमेकींजवळ लागतात का ते बघा. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांचा झुबका, घट्ट असेल आणि बाजूला असेल, तर साईट सरकवून काम भागतं. ग्रुप विखुरलेला असेल, तर साईट कितीही फिरवा, उपयोग नाही. पन्नास काडतुसं एका बैठकीला भरपूर झाली. हात थकल्यावर मारलेले शॉट्स चुकीच्या सवयी पक्क्या करतात.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर तोंड टार्गेटकडे ठेवून तीस सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि "फुस्स" असा कमी आवाज आला, झटका नेहमीसारखा जाणवला नाही, तर तिथेच थांबा आणि रेंज ऑफिसरला बोलवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

रेंजवरून निघताना हात-तोंड साबणानं आणि गार पाण्यानं धुवा, आधी काही खाऊ नका. धुरात आणि गोळ्यांत शिसं असतं. गरोदर स्त्रियांनी या काळात रेंजपासून लांब राहावं. घरी लहान मुलं असतील तर रेंजचे कपडे वेगळे धुवा.

घरात ठेवताना

सफाईच्या वेळी काडतुसं खोलीत नकोत. ग्लॉकसारखी काही पिस्तुलं उघडण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो, आणि चेंबर न बघता तो दाबल्यामुळे अपघात झालेले आहेत. नळी शक्यतो मागच्या बाजूनं ब्रशनं साफ करायची, तेल बोटभर चोळायचं, ओतायचं नाही.

पिस्तूल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ली फक्त तुमच्याकडे. उंच कपाट किंवा गादीखालची जागा मुलांना माहीत असते. आणि घरात कुणी फार खचलेलं असेल, निराशेतून जात असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर, कायद्यानं मान्य असलेल्या ठिकाणी ठेवून द्या. अशा काळात शस्त्र हाताशी नसल्यानं जीव वाचतात. हे बोलायला अवघड आहे, पण शस्त्र बाळगणाऱ्यानं ते आधीच ठरवून ठेवायला हवं.

आता खरेदी

एव्हाना तुमच्या हातून तीन-चार प्रकारची पिस्तुलं गेलेली असतील. त्यांतलं कोणतं पकडीत न फिरवता बसतं, कोणाचा ट्रिगर तुम्हाला सरळ दाबता येतो, आणि कोणाचा ग्रुप सर्वांत घट्ट येतो, हे वहीत लिहून ठेवलेलं असू द्या: तारीख, अंतर, काडतूस, ग्रुपची रुंदी. दोन पिस्तुलांत निवड अडली, तर ज्याची काडतुसं आणि सुटे भाग सहज मिळतात ते घ्या. वापरलेलं घेत असाल, तर शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून नळी, फायरिंग पिन आणि सेफ्टी तपासून घ्या, आणि कागदपत्रं तुमच्या नावावर झाल्याशिवाय ते हलवू नका. बरोबर दोन जादा मॅगझिन, कुलूप लागणारी पेटी आणि नकली काडतुसं घ्या. .२२ वर १० मीटरवरून पाच गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात सलग काही बैठका आल्या, की ९ मिलिमीटरला हात घाला, आणि पहिल्या बैठकीत शिक्षकाला पुन्हा ती नकली काडतुसं मिसळायला सांगा.